आंबागडच्या ढोलीतली एकशे शहाऐंशी पुस्तकं

नागपूरहून आंबागडला कसं जायचं, असं या ब्लॉगवर कुणी ना कुणी विचारत असतं. किल्ल्याचे फोटो हल्ली सगळीकडे फिरतात, त्यामुळे असेल. दर वेळी मी बसचा मार्ग, पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल एवढं सांगून मोकळी होते. मी स्वतः मात्र तिथं पहिल्यांदा गेले ती किल्ला बघायला नाही. १९८२च्या फेब्रुवारीत मला भंडाऱ्याला पुस्तकं मोजायला पाठवलं होतं आणि त्या मोजणीतूनच मी आंबागडला जाऊन पोचले.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मूळची साताऱ्याकडची, नोकरीसाठी नागपुरात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तालिका विभागात काम करायचे, म्हणजे दिवसभर कार्डं लिहायची आणि दुसऱ्यांच्या कार्डांतल्या चुका काढायच्या. चुका काढण्यात माझा हात कुणी धरत नसे. त्यामुळे माझ्याशी डबा खायलाही कुणी बसत नसे, ते सोडा.

भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठी विद्यापीठाचा एक लहानसा परिसर होता आणि त्याचं स्वतःचं ग्रंथालय होतं. आदल्या पावसाळ्यात नदीचं पाणी तिथं शिरलं होतं. इमारत दुरुस्त करायची, की ग्रंथालयच उचलून नागपूरला आणायचं, यावर सहा महिने कागद फिरत होते. शेवटी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. "जाऊन पडताळणी करा. दाखल नोंदवहीतली पुस्तकं जागेवर असली तर दुरुस्ती मंजूर होईल. नसली तर गाडी पाठवून सगळं इकडे आणू. जे दिसेल ते लिहायचं, दुसरं काही नाही." मला असलं काम मनापासून आवडायचं. मी त्याच रात्री पिशवी भरली.

नागपूरहून भंडाऱ्याला तेव्हा एसटीने दोन तास लागायचे. आता चौपदरी रस्ता झालाय, सव्वा तासात पोचाल. पण खिडकीची जागा तेव्हाही मिळत नव्हती, आताही मिळत नाही. मी सकाळची गाडी धरली. फेब्रुवारी हा या भागात जायचा सगळ्यात चांगला महिना, हे माझं मत आजही कायम आहे. धान निघून गेलेलं असतं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, लाखोरीचं कडधान्य उभं असतं, पळस फुलायला लागलेला असतो आणि ऊन अजून अंगावर आलेलं नसतं. भंडारा जवळ आलं की भातगिरण्या दिसू लागतात आणि बाजारातून गेलात तर पितळेची भांडी ठोकल्याचा आवाज येतो. मी स्टँडवर एक चहा आणि दोन आलुबोंडे घेतले. पोटभर झाले आणि रुपयाच्या नोटेतून सुटे परत आले.

परिसर गावाबाहेर होता, रिक्षा घ्यावी लागली. ग्रंथालयाच्या दारात एक बारीक, उंच, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ उभे होते. हे ग्रंथपाल लांजेवार सर. वय पंचावन्नच्या पुढे. त्यांनी नमस्कार केला आणि पहिलं वाक्य बोलले, "मॅडम, जेवण करून मोजता, का मोजून जेवता?" मी म्हटलं, मोजून. ते हसले. "मंग तुम्ही तीन दिवस उपाशी राहता."

आत गेल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ दिसली, माझ्या कमरेच्या वर. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेलेली होती, म्हणजे फुगून, चिकटून विटा झालेली. ती तशीच एका कोपऱ्यात रचून ठेवली होती. सरांनी एकही फेकलं नव्हतं, प्रत्येकावर दोऱ्याने आकड्याची चिठ्ठी बांधली होती. मला ते बघून बरं वाटलं. आमच्याकडे नागपुरात कोरडी पुस्तकंसुद्धा इतक्या शिस्तीत नव्हती.

तीन दिवस आम्ही मोजत होतो. ते आकडा वाचायचे, मी नोंदवहीत खूण करायची. दुपारी नदीवर जायचो. समोर कारधा गाव, मध्ये वाळू, वाळूत ढिवरांनी, म्हणजे तिथल्या कोळ्यांनी, लावलेल्या टरबुजांच्या वाड्या. तिथं बसून सर मला ग्रंथालयाचा इतिहास सांगायचे. मी तो मागितला नव्हता, पण ऐकून घेतला आणि चांगलं केलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा परिसर उघडला, तेव्हा ग्रंथालयासाठी दोन खोल्या आणि सहा लोखंडी कपाटं मंजूर झाली. पुस्तकांची मंजुरी पुढच्या वर्षावर गेली. "मी सहा महिने रिकाम्या कपाटाइले कुलूप लावून चावी घरी नेत होतो मॅडम. पोरं येत, कपाट पाहत, अन् जात." मग त्यांनी सायकल काढली. दर रविवारी एक गाव. कारध्यापासून सुरुवात केली आणि थेट नाकाडोंगरीच्या खाणीपर्यंत गेले. प्रत्येक घरात एकच सांगायचं: घरचं एक पुस्तक द्या. लोकांनी जे होतं ते दिलं. जुनी पंचांगं, शाळेत बक्षीस मिळालेली पुस्तकं, गुरांच्या औषधांचं पुस्तक, खाणीतल्या कामगाराने दिलेली सुरक्षिततेची पुस्तिका, पोथ्या. एका घरच्या तीन भावांनी मिळून एक पोथी दिली, पण श्रावणात वाचायला परत द्यायची अशी अट घातली. सर दर श्रावणात ती पोथी सायकलवरून पोचवत होते आणि महिन्याने परत आणत होते. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी घराचं आणि गावाचं नाव लिहिलं होतं. ही झाली एकशे शहाऐंशी पुस्तकं. दाखल नोंदवहीतले एक ते एकशे शहाऐंशी क्रमांक त्यांचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नेमके तेच क्रमांक राहिले.

"हे कुठे आहेत?" मी विचारलं.

"हे इथं नाईत. सुखरूप हायत. आंबागडले."

मग पुराची गोष्ट निघाली. नदी चढायला लागली त्या दिवशी सरांच्या हाताशी एक बैलगाडी आणि एक दुपार होती. खालच्या फळ्यांवर रसायनशास्त्राची, अर्थशास्त्राची महागडी पुस्तकं होती, इंग्रजी, नवी कोरी. सरांनी ती सोडली आणि ही एकशे शहाऐंशी गाडीत घातली. उंचावरचं ओळखीचं घर म्हणजे आंबागडला दिलेल्या बहिणीचं. तिथं जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवर त्यांनी स्टँडजवळ पोती चढवली. इकडे महागडी पुस्तकं पाण्यात गेली. चौकशी झाली तेव्हा कुणीतरी फाइलवर लिहिलं होतं की ग्रंथपालांनी विज्ञान बुडू दिलं आणि पंचांगं वाचवली.

"काहून असं केलं?" हे मीच विचारलं, आणि त्यांच्या बोलीत विचारलं, तेव्हा मलाच हसू आलं. तीन दिवसांत भाषा लागली होती.

सर हसले नाहीत. "ते रसायनशास्त्र दुकानात भेटते मॅडम. अन् उद्या पोथीवाले भाऊ दारात आले त त्याइले काय सांगू? वाहून गेली म्हणू? मी मागून आणली होती ना."

मी म्हटलं, ठीक आहे, पण मला ती प्रत्यक्ष बघावी लागतील. त्यांचं सगळं त्यावरच अडलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. भिजलेली पुस्तकं पुरात गेली म्हणून माफ होती. पण न भिजलेली, ग्रंथपालाने स्वतः बाहेर पाठवलेली पुस्तकं जागेवर नसली, तर ग्रंथालय नागपूरला उचलायला तेवढंच पुरेसं होतं. "चला ना मग," सर म्हणाले. "बहिणीकडचा पाहुणचारही होऊन जाईल."

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. तुम्ही जाणार असाल तर भंडारा ते तुमसर गाड्या भरपूर आहेत, तुमसरहून पुढे मात्र चौकशी करूनच निघा. आम्हाला तुमसरच्या स्टँडवर दोन तास बसावं लागलं. तिथं धानाच्या मोठमोठ्या गाड्या जाताना बघत मी पेरू खाल्ले. पुढच्या गाडीत कंडक्टरने मला निरखून विचारलं, "मॅडम, कुठं जाऊन राहिल्या?"

"आंबागडला."

"आंबागडले? कायले? तिथं काही नाई, डोंगर हाय."

"पुस्तकं बघायला," मी म्हटलं. त्याने तिकीट फाडलं आणि सरांकडे अशा काळजीने पाहिलं, की जणू ते मला कुठल्या डॉक्टरकडे नेत असावेत.

फाट्यावरून गावापर्यंत चालत गेलो. रस्ता धुळीचा, दोन्ही बाजूंना बांध्या, मध्येच एक बोडी, म्हणजे लहान तळं, आणि समोर झाडीने भरलेला डोंगर. किल्ला खालून जवळजवळ दिसतच नाही. गावात शिरल्यावर सरांची चाल बदलली, भराभर चालायला लागले. बहिणीचं घर कौलारू, पुढे सारवलेलं मोठं अंगण. बहीण अनुसयाबाई आणि त्यांचे यजमान गोविंदाजी भुते दोघंही दारात आले. पाय धुवायला पाणी, मग चहा, मग जेवायला बसा. काम आधी, असं मी म्हणायचा प्रयत्न केला. अनुसयाबाईंनी ऐकलंच नाही.

जेवण मात्र सांगण्यासारखं होतं. ढीगभर भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी, आणि बोडीतल्या झिंग्यांची झणझणीत चटणी. मी आमच्याकडच्या सवयीने भाकरी आहे का विचारलं. अनुसयाबाई दचकल्या. "काहून बाई, बरं नाई का तुमाले?" त्या भागात धडधाकट माणूस भातच खातो, हे मला तेव्हा कळलं. मी भात खाल्ला, आणि दुसऱ्यांदा घेतला.

हात धुतल्यावर सर म्हणाले, "अनुसया, पोती काढ. मॅडमले दाखवू."

"पोत्यात कुठं हायत आता?" अनुसयाबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या टायमाले एका पोत्याले उधई लागली होती. मंग मी साऱ्या पुस्तकाइले ऊन दाखवलं, धोतरात बांधलं, अन् ढोलीत ठेवलं."

"कोणत्या ढोलीत?"

"बिजाईच्या."

सर मटकन ओसरीवर बसले. मला काहीच कळेना. मी म्हटलं, मग ढोलीतून काढू या. गोविंदाजी मला आतल्या खोलीत घेऊन गेले.

ढोली म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, माझ्याहून उंच अशी कणगी. आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली, तोंडही लिंपून बंद केलेलं. वरच्या लिंपणावर अनुसयाबाईंच्या बोटांचे ठसे वाळून तसेच राहिले होते. आत पुढच्या वर्षीचं बियाणं, त्यांच्या बोलीत बिजाई. तळाशी कडुनिंबाचा पाला, त्यावर माझी एकशे शहाऐंशी पुस्तकं, त्यावर पाट, पाटावर पुन्हा पाला आणि वर धान.

"घरात तेवढीच एक जागा हाय, जिथं उधई नाई, उंदीर नाई, ओल नाई," गोविंदाजी म्हणाले. "तिनं साऱ्यात चांगल्या जागी ठेवले, मॅडम. पण हे आता अकितीलेच उघडते."

अकिती म्हणजे अक्षय तृतीया, इकडच्या शेतीच्या वर्षाचा पहिला दिवस. ती एप्रिलच्या अखेरीला होती. मला फेब्रुवारीत अहवाल द्यायचा होता.

मी आधी चिडले, हे कबूल करते. रीतभात असते ठीक, पण विद्यापीठाची पुस्तकं कणगीत कोंडून ठेवायची आणि मुहूर्ताची वाट बघायची, हे माझ्या शिस्तीत बसेना. मी म्हटलं, थोडं उघडून पाहू, परत लिंपून टाका.

गोविंदाजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, चार घरची बिजाई हाय यात. आमची, माह्या दोन भावाइची, अन् बाजूच्या घरची. अर्ध्यावर हवा लागली त किडा पडते. मागं एकडाव आमच्या बापानं उघडली होती, पाहुण्याले दाखवायले. त्या साली पऱ्ह्यात अर्धं धान निघालंच नाई. तवापासून या घरात कोणी अकितीच्या आधी हात लावला नाई."

पऱ्हे म्हणजे लावणीसाठी पेरलेली धानाची रोपं. मी हट्ट सोडला. ते मला श्रद्धा सांगत नव्हते, अनुभव सांगत होते.

संध्याकाळी अंगणात सगळे बसलो होतो. अनुसयाबाई उठल्या, आत गेल्या आणि कुदळीसारखं काहीतरी घेऊन बाहेर आल्या. भावासमोर ठेवलं.

"भाऊ, ते ग्रंथालय तुहा जीव हाय, मले मालूम हाय. माह्याच हातानं झालं हे. तू म्हणशीन त आत्ता फोडतो. बिजाईचं पाहू, कोणाकडून मागू."

गोविंदाजींनी बायकोकडे पाहिलं, पण तिला अडवलं नाही. हे मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'फोडा' म्हटलं असतं तर ढोली फुटली असती. मी 'राहू द्या, मी पाहिलं असं लिहिते' म्हटलं असतं तर ग्रंथालय वाचलं असतं. मी दोन्हीपैकी काहीच म्हटलं नाही.

सरांनी कुदळ उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "ठेव अनुसया. चार घराइचं हाय."

मग मला विचारलं, "मॅडम, तुम्ही काय लिहान?"

"जे पाहिलं ते," मी म्हटलं. "पुस्तकं बघायला मिळाली नाहीत, बंद ढोलीत आहेत असं सांगण्यात आलं, एप्रिलअखेर उघडेल."

"बराबर हाय," ते म्हणाले. त्यांनी मला एकदाही खोटं लिहा असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला रागवायला तरी जागा मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदाजींनी मला किल्ल्यावर नेलं. पाहुणा आंबागडला येऊन किल्ला न बघता गेला तर गावाला कमीपणा. हल्ली पायऱ्या केल्यात म्हणतात, तेव्हा पायवाट होती, साग आणि मोहाच्या झाडांतून. फार कठीण नाही, पण चपला घालून जाऊ नका, मी गेले होते. गोंड राजवटीतला किल्ला, तट बराचसा उभा, आत पाण्याचं टाकं, माणूस कुणी नाही. वरून खालच्या बांध्या चौकोन चौकोन दिसत होत्या. गोविंदाजींनी त्यांची बांधी बोटाने दाखवली. चार घरांच्या चार बांध्या शेजारी शेजारीच होत्या. मला ते दृश्य आवडलं आणि मी खाली उतरले.

नागपूरला येऊन मी अहवाल दिला, म्हटल्याप्रमाणे शब्दन् शब्द खरा. साहेबांनी 'ढोलीत' या शब्दाखाली रेघ मारली आणि मोठ्याने हसले. दुपारपर्यंत सगळ्या विभागात ते पसरलं. धानाच्या कणगीत पुस्तकं! कुणाला ते खरं वाटलंच नाही. अहवालावर शेरा पडला: पहिली एकशे शहाऐंशी पुस्तकं गहाळ समजावीत, उर्वरित ग्रंथालय मुख्य परिसरात हलवावं. अकितीच्या आठ दिवस आधी भंडाऱ्याला ट्रक गेला आणि कपाटांसकट सगळं घेऊन आला. मी माझ्या टेबलावरून खिडकीतून ती कपाटं उतरताना पाहिली. माझ्यामुळे झालं हे, असं मला स्पष्ट वाटलं. अजूनही वाटतं. अहवालात एकही चूक नव्हती आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

अकितीला मी रजा टाकली आणि स्वतःच्या पैशाने आंबागडला गेले. या वेळी ऊन भयंकर होतं. एप्रिलमध्ये जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत गावात पोचा, नंतर रस्त्यावर झाडाखाली थांबत थांबत जावं लागतं. सर माझ्या आधीच आले होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण "या" एवढंच म्हणाले. अनुसयाबाईंनी ढोलीला हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. मग गोविंदाजींनी तोंडाचं लिंपण फोडलं. कोरड्या धानाचा आणि कडुनिंबाचा वास खोलीभर पसरला. चारही घरची माणसं टोपल्या घेऊन उभी होती. प्रत्येकाची बिजाई मोजून ज्याची त्याला मिळाली. पाट निघाला. आणि धोतराची गाठोडी वर आली.

आम्ही ओसरीवर बसून मोजली. ते आकडा वाचायचे, मी खूण करायची. एकशे शहाऐंशी. एकालाही कीड नाही, डाग नाही. पानांच्या मध्ये कडुनिंबाची वाळकी पानं आणि काही धानाचे दाणे सापडले. पोथी होती, गुरांच्या औषधांचं पुस्तक होतं, खाणीची पुस्तिका होती. सरांनी प्रत्येकाचं पहिलं पान उघडून गावाचं नाव वाचलं. एकही न गाळता सगळी वाचली.

मोजून झाल्यावर ते म्हणाले, "आता तुमचा शेरा बदला मॅडम. सापडली म्हणून. हेही घेऊन जातीन मंग."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नियम तसाच होता. सापडलेलं पुस्तक मूळ संग्रहात, आणि मूळ संग्रह आता नागपूरला.

"सर, ही तुम्ही कुठे ठेवाल?" मी विचारलं.

"परिसरातल्या खोल्या तशाच हायत. दोन लाकडी कपाटं मी घरून नेईन. पोरं येतेत अजून, दार पाहून परत जातेत."

मी त्यांना काही सांगितलं नाही. जेवले, भातच जेवले, आणि संध्याकाळची गाडी धरून परत आले.

दोन दिवसांनी भंडाऱ्याची दाखल नोंदवही माझ्याकडे बंद करायला आली. पहिल्या एकशे शहाऐंशी नोंदींपुढे शेवटचा शेरा माझा हवा होता. मी लाल शाईने, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'शोध घेतला. सापडली नाहीत.' खाली सही केली. ती वही अजून नागपूरच्या ग्रंथालयात असेल, कुणी उघडत नसेल. तीस वर्षांच्या नोकरीत मी कागदावर लिहिलेलं ते एकमेव खोटं. दुसऱ्यांच्या कार्डांतल्या चुका काढायचं काम मी पुढेही तितक्याच जोमाने केलं.

भंडाऱ्याचं ग्रंथालय त्या एकशे शहाऐंशी पुस्तकांवर पुन्हा सुरू झालं. सर निवृत्त होईपर्यंत परत सायकलवर फिरले, लोकांनी परत दिली. दशक संपत आलं तेव्हा मी एकदा गेले होते, तर दोन्ही खोल्या भरल्या होत्या आणि टेबलाशी जागा नव्हती. श्रावण होता, म्हणून पोथी जागेवर नव्हती. सर आता नाहीत, अनुसयाबाईही नाहीत. मीही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे आता हे लिहायला हरकत नाही.

खोट्या शेऱ्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या जुलैत सरांचं एक पोस्टकार्ड आलं होतं. ग्रंथालय उघडलं, पहिल्या दिवशी अकरा मुलं आली, आणि त्या अकरांची नावं त्यांनी बारीक अक्षरात, गावासकट लिहिली होती. खाली लिहिलं होतं, 'तुम्हाला सांगावंसं वाटलं.' मी ते दोनदा वाचलं आणि कुणाच्या हाती लागलं तर पुरावा होईल, या भीतीने तिथंच फाडून टाकलं. उत्तरही पाठवलं नाही. त्या अकरांतलं एकही नाव आज मला आठवत नाही.